मागचं चाक हलतंय, पण नेमकं कुठून?

गाडीचं दुखणं : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

या महिन्याच्या टपालात तीन पत्रं स्कूटरच्या मागच्या चाकाची आहेत. पहिलं पत्र वाचलं आणि ते अंक निघेपर्यंत ठेवण्यासारखं वाटलं नाही. संपादकांकडून नंबर घेऊन त्याच संध्याकाळी त्या ताईंना फोन केला आणि गाडी आहे तिथेच उभी ठेवायला सांगितलं. तरी उत्तर इथे सविस्तर देतो, कारण अशी गाडी आमच्या गॅरेजवर दर आठवड्याला एखादी तरी येतेच.

प्रश्न : काका, नमस्कार. माझी ११० सीसीची बिनगिअरची स्कूटर आहे. सहा वर्षं झाली, ३८ हजार किलोमीटर चालली आहे. मी मानेवाड्याला राहते, शाळेत शिकवते. रोज सकाळी मुलीला मागे बसवून रिंग रोडने जाते. गेल्या महिन्यात मागचा टायर बदलला. त्यानंतर आठ-दहा दिवसांनी गाडी वळणावर मागून लचकल्यासारखी वाटायला लागली. सिमेंट रोडवरून कडेच्या पेव्हर ब्लॉकवर उतरलं की मागून कुणी हलकेच बाजूला ढकलल्यासारखं होतं. शिवाय गाडी सुटताना ‘टक्’ असा आवाज येतो आणि ब्रेक दाबला की पुन्हा एकदा ‘टक्’. एका वेगात चालत असली की काही नाही. एका मिस्त्रीने बेअरिंग गेलं म्हणून सांगितलं, दुसरा म्हणाला टायरच खराब निघाला. माझे दीर म्हणतात शॉकअप बदल. तिघांचं ऐकायचं तर पाच-सहा हजार जातील. नेमकं काय झालं असेल? आणि तोवर गाडी चालवली तर चालेल का?
एक शिक्षिका, मानेवाडा, नागपूर

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. नाही चालणार. शाळेपर्यंत नाही आणि कोपऱ्यावरच्या गॅरेजपर्यंतही नाही. मिस्त्रीला घरी बोलवा, नाहीतर गाडी छोट्या हत्तीत टाकून न्या. मुलीला तर तिच्यावर बसवूच नका.

इतकं ठासून का सांगतो, ते चाक कसं बसवलेलं असतं हे कळलं की लक्षात येईल. पुढचं चाक दोन्ही बाजूंनी फोर्कमध्ये धरलेलं असतं. मागचं तसं नसतं. डावीकडे इंजिन आणि गिअरबॉक्स, त्यातून एक शाफ्ट उजवीकडे बाहेर येतो. शाफ्टवर लांबीच्या दिशेने बारीक खाचा असतात. पुस्तकात त्यांना स्प्लाइन म्हणतात, आम्ही गॅरेजवाले दाते म्हणतो. चाकाच्या मधल्या भोकाला आतून तसेच दाते असतात. चाक त्या शाफ्टवर सरकवायचं, वायसर टाकायचा आणि एक मोठा नट कसायचा. बस, एवढंच. काही गाड्यांना उजवीकडून आधाराचा एक हात असतो, पण तुमच्यासारख्या बहुतेक स्कूटरचं मागचं अख्खं चाक त्या एका नटाच्या भरवशावर असतं. ब्रेकचा ड्रमही त्याच चाकात. म्हणजे नट निघाला आणि चाक बाहेर सरकलं तर मागचा ब्रेकही त्याच्याबरोबर गेला.

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. ‘सुटताना टक्, ब्रेक दाबला की पुन्हा टक्.’ बेअरिंग असं बोलत नाही. बेअरिंग गेलं की घूं घूं असा आवाज येतो, वेग वाढला की तो वाढतो, आणि एकसारख्या वेगात तर तो जास्तच ऐकू येतो. तुमचा आवाज नेमका तेव्हा बंद होतो. टायर खराब असेल तर गाडी धडधडते, टक् करत नाही. टक् होतं ते दात्यांमुळे. ॲक्सिलरेटर पिळला की शाफ्टचा दाता चाकाच्या दात्याला पुढे रेटतो. ब्रेक दाबला की चाक थांबू पाहतं, आणि दाता उलट्या बाजूला जाऊन आदळतो. नट घट्ट असेल तर चाक शाफ्टवर आवळून बसलेलं असतं आणि दात्यांना हलायला जागाच नसते. नट ढिला झाला की जागा होते. एका वेगात दाते एकाच बाजूला दाबलेले राहतात, म्हणून तेव्हा शांतता.

तरीही फक्त पत्रावरून नटावर बोट ठेवून मोकळा होणार नाही. मी सतराव्या वर्षी कॉटन मार्केटजवळच्या एका गॅरेजात कामाला लागलो. चाक ढिलं असलेली गाडी आली की मी आधी पाना उचलायचो. उस्ताद हातातला पाना काढून घ्यायचे. “नट कशाले कसतं बे? हालते कुठून, थे पाह्य आधी.” आज चौतीस वर्षांनी माझ्या गॅरेजातल्या पोरांना मी हेच सांगतो, याच शब्दांत.

तर हालते कुठून, ते घरीच बघा. सकाळी, सायलेन्सर थंड असताना. सगळ्यात आधी हवा. तुमच्या मापाच्या टायरला, म्हणजे ९०/१००-१० ला, साधारण एकट्यासाठी मागे २९ पीएसआय आणि दोघांसाठी ३६ सांगितलेली असते. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तकात बघून घ्या. हवा २० वर आली असेल तरी गाडी मागून लचकते आणि माणूस उगाच नटाला दोष देतो.

मग सपाट जागेवर गाडी डबल स्टँडला लावा, चावी बंद. मागे उभं राहून टायर वरून आणि खालून धरा आणि वरचा हात ओढा, खालचा ढकला. पुन्हा उलट. घरातल्या दुसऱ्या माणसाला खाली बसवून चाक आणि इंजिनाचं कव्हर जिथे जवळ येतात तिथे बोट टेकवायला सांगा. डोळ्यांना दिसत नाही ते बोटाला कळतं. इंजिन जागेवर आणि फक्त चाक हलत असेल तर दोष चाकाच्या बाजूला, नट, दाते नाहीतर बेअरिंग. इंजिन आणि चाक मिळून डुलत असतील तर दोष पुढे आहे. स्कूटरचं इंजिन बॉडीला पक्कं बोल्ट केलेलं नसतं. ते चाकासकट वरखाली होतं आणि समोरून रबरी बुश असलेल्या हँगरवर टांगलेलं असतं. तो बुश खाल्ला गेला की गाडी मागून अगदी चाक ढिलं झाल्यासारखी फेकते. त्याचाही आवाज येतो, पण तो ‘धप्’ असा, रबरात दबलेला. शॉकअपचा खालचा बुश गेला तरी तसंच.

शंका राहिलीच तर डावीकडचा ब्रेक घट्ट आवळायला सांगा आणि चाक पुन्हा हलवून बघा. ब्रेक दाबला की लायनर ड्रमला धरतात, म्हणजे चाक आणि इंजिन त्या वेळेपुरते एक होतात. आता हालचाल बरीचशी थांबली तर दोष चाकाकडे. ब्रेक दाबूनही तितकंच डुलत असेल तर हँगर किंवा शॉकअप.

आता चाकाकडच्या तिघांपैकी कोण ते ठरवायचं. शाळेतला खडू घ्या. उजवीकडे नटाच्या तोंडापासून चाकाच्या मधल्या भागापर्यंत एक सरळ रेघ ओढा. ब्रेक सोडा आणि चाक हाताने थोडं पुढे, थोडं मागे करा. थोडासा खटका लागेलच, त्याला घाबरू नका. गिअरबॉक्सच्या आतल्या दात्यांत तेवढी जागा असतेच आणि नव्या गाडीतही असते. बघायचं ते खडूकडे. नट आणि चाक एकत्र फिरले आणि रेघ अखंड राहिली तर बरं आहे. रेघ तुटली, म्हणजे चाक हललं आणि नट जागेवर राहिला, तर चाक शाफ्टवर खेळतंय. रेघ अखंड आहे, नट घट्ट आहे आणि तरी वर-खाली धरून हलवल्यावर चाक कलतंय, तर मग बेअरिंग. बेअरिंग गेलं की बहुतेकदा ऑइल सीलही गळतं. टायरच्या आतल्या बाजूला तेलकट ओघळ दिसतो आणि ब्रेक बुळबुळीत लागतो.

आणि नटाच्या भोवती नीट बघा. लोखंड लोखंडावर बारीक बारीक घासत राहिलं की त्याची गेरूसारखी लाल भुकटी पडते. ती नटाच्या वायसरखाली आणि दात्यांच्या तोंडाशी साचते. बोट फिरवलं की बोटाला लागते. साधा गंज पापुद्र्यासारखा चिकटून असतो, ही मात्र कोरडी, मऊ, हळदीसारखी बारीक असते. ती दिसली की मला दुसऱ्या पुराव्याची गरज वाटत नाही.

फोनवर हे सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंचा फोटो आला. नटाच्या भोवती लाल कडं आणि खडूची रेघ दोन दोऱ्यांइतकी सरकलेली.

टायर बदलल्यावर आठ-दहा दिवसांनी हे सुरू झालं, त्यामुळे कारणाचा अंदाजही बांधता येतो. मागचा टायर काढायला चाक काढावं लागतं आणि तुमच्या गाडीत त्यासाठी आधी सायलेन्सर उतरवावा लागतो. काम किचकट आणि दुकानात घाई. नट परत बसवताना हातातल्या आखूड पान्याने ‘झाला घट्ट’ म्हणून सोडून दिला जातो. पण तो झालेला नसतो. हिशोब करून बघा. एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला १० किलो वजन लटकवलं तर नटावर साधारण ९८ न्यूटन-मीटरचा जोर पडतो. बऱ्याच स्कूटरच्या या नटाला १०० च्या वर जोर सांगितलेला असतो. २० सेंटीमीटरच्या पान्याने तेवढा जोर द्यायचा तर टोकाला ५० किलोहून जास्त भार द्यावा लागेल. उकिडवं बसून एका हाताने कोण देणार? याच्या उलट, हवेच्या गनने डोळे मिटून कसला तर आटे जातात, तेही वाईटच. म्हणून टॉर्क रेंच, म्हणजे जोर मोजून कसायचा पाना पाहिजे. टॉर्क रेंच नसलेल्या ठिकाणी मागचं चाक उघडू देऊ नका, असं मी माझ्या बहिणीलाही सांगेन. गिऱ्हाइकाने विचारायला लागलं की दुकानदार घेतोच.

आणि नुसता नट कसून विषय संपवू नका, म्हणून एक जुनी गोष्ट सांगतो. गॅरेजात लागून मला जेमतेम वर्ष झालं होतं. एक गवळीदादा कामठी रोडने दूध घेऊन यायचे, गिअरची जुनी स्कूटर, दोन्ही बाजूंना कॅन. मागचं चाक हलतं म्हणून आले. उस्ताद बाहेर गेले होते, मी नट कसून दिला. पंधरा दिवसांनी पुन्हा आले, पुन्हा कसला. तिसऱ्यांदाही कसला. चाक काढून आत बघितलं नाही, कारण नट कसला की हालचाल थांबत होती. पोळ्याच्या दिवशी ते भर रस्त्यात थांबले. इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही. मागून येणाऱ्या ट्रकने कसाबसा ब्रेक मारला. दादा वाचले, दूध सगळं रस्त्यावर. दुसऱ्या दिवशी मारबतीची मिरवणूक बघायला अख्खं शहर रस्त्यावर आणि ते त्या गर्दीतून पायी गॅरेजवर आले. फडक्यात गुंडाळलेला ड्रम त्यांनी माझ्या हातात ठेवला. एक शब्द बोलले नाहीत. मी आत बोट घातलं. दाते नव्हतेच. आतून बांगडीसारखा गुळगुळीत.

त्या ड्रमचे दाते मीच खाल्ले होते. ढिल्या नटावर चाललेलं चाक आपले दाते कुरतडतं. आधी बहुधा चाकाच्या बाजूचे जातात, मग शाफ्टचे. दाते अर्धे झिजल्यावर नट कसला तर चाक दोन-चार आठवडे मुकाट बसतं आणि माणसाला वाटतं, झालं काम. म्हणून नट एकदा ढिला सापडला की चाक शाफ्टवरून पूर्ण बाहेर काढायचं, दाते ब्रशने पुसायचे आणि उजेडात बघायचे. दात्याचा माथा सपाट असेल, कडेला फक्त चकाकी आली असेल, तर वाचला. माथा सुरीसारखा निमुळता झाला असेल तर तो भाग बदलायचाच. तिथे पैसे वाचवू नका.

ताईंनी मिस्त्रीला घरीच बोलावलं आणि स्वतः शेजारी बसून चाक काढायला लावलं. दात्यांचे माथे शाबूत होते. नवा नट, नवा वायसर, आणि नट मोजून कसला. बेअरिंग, टायर, शॉकअप, काहीच बदलावं लागलं नाही. नटावर आणि शाफ्टच्या टोकावर मिळून नेलपॉलिशची एक रेघ ओढायला मी सांगितलं होतं. शंभरेक किलोमीटर चालल्यावर ती रेघ तुटलेली दिसली तर नट फिरलाय. परवा त्यांचा निरोप आला, रेघ जागेवर आहे.

प्रश्न : २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलावाचं पाणी आमच्या लेआउटमध्ये घुसलं तेव्हा माझी स्कूटर सीटपर्यंत बुडाली होती. इंजिनाचं काम करून घेतलं, गाडी सुरू झाली. पण तेव्हापासून मागून घूं असा आवाज येत होता, आता तो वाढलाय. नट घट्ट आहे. चाक अगदी किंचित कलतं.
एक वाचक, डागा लेआउट, नागपूर

उत्तर : दादा, तुमचं मात्र बेअरिंगच. त्या पुरातल्या कितीतरी गाड्यांचं हेच झालं. लोकांनी इंजिन ऑइल बदललं, प्लग बदलला, कार्ब्युरेटर धुतला, आणि मागचं गिअर ऑइल तसंच राहिलं. ते वेगळं असतं, चहाच्या कपाएवढंच असतं, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही. गिअरबॉक्सला हवा जायला एक बारीक नळी असते. गाडी बुडाली की तिथून आणि सीलमधून पाणी आत जातं. ड्रेन बोल्ट उघडून बघा. तेल दुधाच्या चहासारखं पांढुरकं निघालं तर पाणी अजून आतच आहे.

नक्की करायचं असेल तर गाडी डबल स्टँडला लावा, इंजिन बंद ठेवून चाक हाताने जोरात फिरवा आणि लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक शाफ्टजवळच्या कव्हरला टेकवून मूठ कानाशी धरा. चांगलं बेअरिंग फक्त सळसळतं. गंजलेलं वाळू दळल्यासारखं ऐकू येतं. बेअरिंग बदलायला गिअरबॉक्स उघडावा लागतो, तेव्हा ऑइल सील नवं टाकाच आणि आतली दुसरी बेअरिंगंही बोटाने फिरवून बघायला सांगा. ब्रेकच्या लायनरला तेल लागलं असेल तर ते धुऊन परत बसवू देऊ नका, नवे घ्या. हे काम पुढच्या महिन्यावर ढकलू नका. आवाज वाढतोय म्हणजे आतल्या गोळ्या खरवडल्या जातायत.

प्रश्न : माझ्याकडे १९९८ चा चेतक आहे. वडिलांनी घेतलेला, अजून चालवतो. मागच्या चाकाच्या मोठ्या नटाची काटा पिन तुटली. मिस्त्रीने जुनीच सरळ करून परत घातली. चालेल का? आणि चाकावरचे बाकीचे नट मी घरी कसू शकतो का?
एक निवृत्त वाचक, कामठी

उत्तर : काका, वडिलांची गाडी इतकी वर्षं जपलीत, वाचून फार बरं वाटलं. पेट्रोलवरचा चेतक बंद होऊन पंधराहून जास्त वर्षं झाली, तरी दात्यांचे ड्रम अजून शोधले तर मिळतात.

जुनी पिन चालणार नाही. एकदा वाकवलेली पिन सरळ केली की वाकलेल्या जागी तिला चीर पडते, आणि मोठ्या नटाला सुटू न देणारी ती एकच गोष्ट आहे. दर वेळी नवी घाला, भोकात सैल न बसणारी घाला. नट योग्य जोराने कसल्यावर खाच आणि शाफ्टचं भोक समोरासमोर येत नसेल तर नट मागे फिरवून जुळवू नका, थोडा पुढेच न्या. नटावर वेगळी टोपी असेल तर टोपी काढून फिरवून बसवा, बहुतेकदा तेवढ्याने खाच जुळते.

बाकीचे नट कसायला हरकत नाही, ते समोरासमोरचे घेत कसा, एका बाजूने ओळीने नाही. पण चाक उतरवायची वेळ आली तर कुठल्या नटाला पाना लावताय ते बघा. काही नट चाकाला ड्रमशी धरतात आणि काही रिमचे दोन अर्धे एकमेकांना धरतात. टायरमध्ये हवा असताना हे दुसरे नट सोडले तर रिम उघडून अंगावर येते. माणसांची बोटं गेलेली मी पाहिली आहेत. आधी व्हॉल्व्हची सुई काढा, हवा पूर्ण जाऊ द्या, टायर हाताने दाबून बघा, मगच त्या नटांना हात लावा.